बारा दगडांचं गॅलन

फुलचूरचा बकाराम जन्मानं ड्रायव्हर नव्हता. तो पटाचा धुरकरी. धानाची मळणी उरकली की झाडीपट्टीत गावोगाव बैलांच्या शर्यतीचे शंकरपट भरायचे, आणि बैलजोडी सुटायच्या वेळी हलक्या छकड्यावर उभं राहून कासरा धरायला लोक त्याला मुर्रीपासून गोरेगावपर्यंत बोलावून न्यायचे. अंगानं वाळक्या बांबूसारखा, पण पाय असे की छकडा हातभर उडाला तरी फळीवरून सुटायचे नाहीत. आयुष्यात तो एकदाही पटात पडला नाही, आणि एवढ्या एका गुणावर त्याला जीपगाडी मिळाली.

त्याचं असं झालं. फुलचूरचे बिसनलाल पटेल पोवार समाजातले मोठे शेतकरी, बापजाद्यापासूनचे मालगुजार. इंग्रज जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मालगुजारीही आता जाते अशी कुणकुण होती. ती गेल्यावर लोकांनी आपल्याकडे पाहावं असं हाताशी काहीतरी असू द्या, म्हणून पटेल कामठीच्या लिलावात गेले आणि लढाईतून उरलेली एक जीपगाडी घेऊन आले. गाडीसोबत आलेला फौजी ड्रायव्हर तीन दिवस राहिला, आणि चौथ्या दिवशी "अब आपकी गाडी, आप जानो" म्हणून रेल्वेत बसला. पटेलांनी गावातले सगळे गाडीवान ओळीनं उभे केले, एकेकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "जो पटात नाही पडला तो हिच्यातून कायले पडंल? बकाराम, बस."

बकाराम बसला तो बसलाच. पहिल्या महिन्यात त्यानं दोन कुंपणं मोडली आणि एक कोंबडी चिरडली, पण त्यानंतर गाडी त्याच्या हाताला अशी आली की चिखलातल्या धानाच्या बांधीतून सुद्धा तो ती काढून दाखवी. सवयी मात्र बैलाच्याच राहिल्या. चढ आला की तो पुढे वाकायचा आणि जिभेनं टक टक करायचा. गिअर बदलला की समोरच्या पत्र्यावर हलकी थाप द्यायचा. गाडी दमली असं वाटलं तर झाडाच्या सावलीत लावायचा. पटेल पहिल्यांदा हसले, मग त्यांनाही सवय झाली, आणि पुढे पुढे चढावर तेही टक टक करायला लागले.

आता पटेलांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच घडलं. पटेल उंचीनं कमी होते. पाच फूट, तेही फेटा धरून. बैठकीत गादीवर बसले की कोणाच्या लक्षात येत नसे. पण पटाच्या मैदानात, चार हजार माणसांच्या मागे, लक्षात येई. जीपगाडी घेतल्यापासून ते पट गाडीत उभं राहून पाहत आणि तेवढा काळ त्यांचा चेहरा चांदण्यासारखा असे. चोपन्न सालच्या पटात मात्र नंदलाल ठेकेदाराचा ट्रक येऊन नेमका त्यांच्या पुढे उभा राहिला. ट्रकाच्या टपावर ठेकेदाराचे साळे, मेहुणे आणि स्वयंपाकी. पटेलांना त्या दिवशी एकही जोडी दिसली नाही. दिसला तो फक्त स्वयंपाक्याचा मळकट पंचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटेल बकारामला म्हणाले, "गाडी उंच कराची हाये."

"गाडी कशी उंच करता जी? जनावर हाये का, खाऊ घातलं अन् वाढलं?"

"खेमराज करते. चाल गोंदियाले."

खेमराज मिस्त्रीचं गोंदियाला कारखान्यासारखं एक छप्पर होतं आणि छपराखाली लढाईतलं उरलंसुरलं सगळं. फौजी ट्रकाचे चार टायर त्यानं काढून दाखवले. एकेक टायर बकारामच्या कमरेच्या वर. जीपगाडीच्या चाकाला ते बसेनात, तर खेमराजनं चाकं कापली, जोडली, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणखी पाटे घातले, मडगार्डाचा पत्रा कातरला, आणि चौथ्या दिवशी गाडी बाहेर काढली. चिमणीनं म्हशीचे पाय लावून घेतल्यासारखी ती दिसत होती. पटेल चढायला गेले तर पाय पोचेना. बकारामनं धानाचं रिकामं पोतं गुंडाळून पायाखाली दिलं. वर बसल्यावर पटेलांनी चहूकडे पाहिलं आणि खूप वेळानं म्हणाले, "पहाय गा, अठून खेमराजच्या छपरावरचं गवत दिसते."

नुसती दिसायलाच नव्हती ती. उन्हाळ्यात नागझिऱ्याच्या जंगलाकडे पटेलांचे तेंदूपत्त्याचे फड लागत. गावोगावच्या बाया पान तोडून आणत, फडावर पुडे मोजून वाळत घालत, आणि पटेलांना रोज एका फडावरून दुसऱ्या फडावर जावं लागे. मध्ये कोरडे नाले. जुन्या टायरांवर गाडी नाल्याच्या रेतीत पोट टेकून बसायची, चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, आणि मग फडावरची वीस माणसं येऊन तिला बाहेर काढायची. नव्या टायरांवर होळीनंतर एकदा रस्ता पाहायला म्हणून गेले, तर गाडी नाल्यात उतरली आणि गप्पा मारत मारत दुसऱ्या काठाला लागली. बकाराम खूश, पटेल खूश.

खूश नव्हता तो सेवकराम.

सेवकराम पटेलांचा दिवाणजी. वाळलेला, चष्मेवाला आणि इतका खरा माणूस की त्याला कोणी जेवायला बोलवत नसे, कारण भाजीत मीठ कमी असेल तर तो सांगायचा. गाडीत पेट्रोल ओतताना तो गॅलनाचं माप घेऊन स्वतः उभा राहायचा आणि मीटरवर किती मैल झाले ते रोज उतरवून घ्यायचा. होळी होऊन पंधरा दिवस झाले आणि त्यानं बकारामला पटेलांच्या ओसरीवर बोलावलं. पटेल झोपाळ्यावर होते.

"पाच वर्षं गाडी गॅलनले सोळा मैल देत होती," सेवकराम म्हणाला. "एक मैल अठी का एक मैल तठी. आता साडेनऊ देऊन राहिली. बाकीचं पेट्रोल कोठी जाऊन राहिलं?"

"टायर मोठे झाले जी, दिवाणजी."

"मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जाते का कमी?"

"जास्त."

"मंग पेट्रोल कमी लागाले पायजे का जास्त?"

बकारामनं विचार केला. विचारानं तर कमीच लागायला पाहिजे होतं. "कमी," तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच आपण फसलो हे त्याला कळलं.

"हे पहा पटेल, तोच म्हणते." सेवकरामनं चष्मा पुसला. "आता एक सांग. गाडीची टाकी कोठी हाये?"

जीपगाडीची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली असते. गादी उचलली की झाकण. बकाराम खाली पाहत म्हणाला, "माझ्या बुडाखाली."

"मले दुसरं काही बोलाचं नाही," सेवकराम म्हणाला.

पटेलांनी झोपाळा पायानं थांबवला. बकाराम चोर आहे हे त्यांना पटत नव्हतं, आणि सेवकरामचा आकडा कधी चुकतो हेही पटत नव्हतं. दोन्ही गोष्टी एका वेळी डोक्यात मावेनात, तेव्हा ते चिडले. "बकाराम, आठ दिवस देतो. पेट्रोल कोठी जाते ते सांग. नाही सांगितलंस तर पानाच्या हंगामाले मी गोंदियाचा श्यामलाल ड्रायव्हर ठेवतो. तू बैल पहाय."

पण बैल तरी कोण देणार होतं? पटाची जोडी म्हणजे घरच्या लेकरासारखी. पटेलांनी चोर म्हणून उतरवलेल्या माणसाच्या हातात मुर्रीचा कोणी कासरा दिला नसता. बकारामला ओसरीच्या पायऱ्या उतरताना हे पुरतं कळलं. गाडी गेली तर गाडीच जाणार नव्हती. ज्या नावावर आजवर लोक बोलावून नेत होते ते नावच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो खेमराजकडे गेला. खेमराज एका ट्रकाच्या पोटाखाली होता आणि तिथूनच बोलला. "देखो भैया, इंजन तो वही है. बच्चे के पैर में बाप का जूता पहना दिया. चलेगा, लेकिन थकेगा भी."

"थकते ते समजलं. पण किती थकते? सोळाचे साडेनऊ होतीन इतकं?"

खेमराजनं पोटाखालून डोकं बाहेर काढलं. "उतना तो नहीं होना चाहिए," तो म्हणाला आणि पुन्हा ट्रकाखाली गेला.

थकत होती हे तर त्यालाही ठाऊक होतं. जागेवरून उठताना गाडी कण्हायची. पूर्वी ज्या चढाला तिसऱ्यात जायची तिथे आता दुसऱ्याशिवाय हलत नसे. चाक मोठं केलं आणि ओढणारे बैल तेच ठेवले, तर दुसरं काय होणार? पण आणखी एक गोष्ट त्याच्या मनात टोचत होती आणि ती त्याला शब्दांत सांगता येत नव्हती. मीटर वीस म्हणायचं, आणि छातीवर वारा मात्र पंचविसाचा लागायचा. धुरकऱ्याची छाती वेगाला फसत नाही. पण छातीचा वारा सेवकरामला कसा दाखवायचा?

सहाव्या दिवशी दुपारी तो घरी अंगणात नुसता बसून होता. रुख्मा, त्याची बायको, पटेलांच्या वाडीत धान सडायला जायची. आठवड्याची मजुरी म्हणून मिळालेलं धान डोक्यावर घेऊन ती आली, टोपली उतरवली, आणि घरच्या पायलीनं ते मोजून कणगीत टाकायला बसली.

"एक, दोन, तीन, चार," रुख्मानं मोजलं आणि टोपली उलटी करून झटकली.

"तठी किती दिलन?" बकारामनं उगाच विचारलं.

"पाच पायल्या."

"अन् अठी चारच भरल्या काऊन वो?"

रुख्मानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं पाय जवळ घेतले. "मंग एक पायली मी वाटेनं कच्ची चघळली का?"

"तसं नाही म्हणत मी."

"म्हणा ना. दिवाणजी तुमाले म्हणते, तुमी मले म्हणा." ती पायली आपटून म्हणाली, "धान तेवढंच हाये. पटेलाची द्यायची पायली लहान, आपली बाजाराची पायली मोठी. मोठ्या मापानं मोजलं तर आकडा कमी येते. हे काही नवं हाये का? साऱ्या गावाले माहीत हाये."

बकाराम उठून उभा राहिला. मग खाली बसला. मग पुन्हा उठला.

"का झालं जी? विंचू चावला का?"

"मीटर मैल नाही मोजत वो," तो हळूच म्हणाला. "मीटर चाकाचे फेरे मोजते. फेरा त्याची पायली. पायली मोठी झाली."

रुख्माला मीटर म्हणजे काय हे नीटसं माहीत नव्हतं, पण पायली माहीत होती. "मंग जा अन् सांगा," ती म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा उतरला, कारण सांगायचं म्हणजे कोणाला आणि काय, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

पटेलांच्या घरी दोन पायल्या होत्या. एक कुळांकडून ठेक्याचं धान घ्यायची, दुसरी मजुरीचं धान द्यायची. घ्यायची गुबगुबीत, द्यायची बारीक. गावात हे आजोबा-पणजोबांपासून सगळ्यांना ठाऊक, विहिरीवर रोज बोललं जाई, आणि पटेलांच्या अंगणात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. बकारामनं दोन दिवस दुसरा दाखला शोधला. लोटा घेतला, गडवा घेतला, विहिरीचा नाडा घेतला. पण पटेलांना पाण्याचा हिशेब कशाला समजेल? त्यांना समजेल असं माप एकच होतं.

आठव्या दिवशी ओसरीवर पटेल झोपाळ्यावर, सेवकराम चटईवर. बकाराम खाली अंगणात उभा.

"सापडलं का?" पटेलांनी विचारलं.

"सापडलं जी. पण सांगाले भेव लागते."

"भेव कायचं? पेट्रोल पेलास का तू?"

"नाही जी. तुमी रागवान."

"मी कायले रागवू? सांग."

बकारामनं डोळे मिटले. पट सुटताना तो असेच क्षणभर डोळे मिटायचा. "पटेल, तुमच्या द्यायच्या पायलीनं रुख्माले पाच पायल्या धान भेटते. घरी आमच्या पायलीनं मोजलं का चार भरते. वाटेत सांडत नाही, कोणी खात बी नाही. माप मोठं, आकडा कमी. तसंच गाडीच्या मीटरचं झालं जी. टायर मोठे झाले, तर फेऱ्याची पायली मोठी झाली. गाडी जाते दहा मैल, मीटर म्हणते आठ."

झोपाळा थांबला. आत माजघरात पटेलीण राजकुमारीबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचं सूपही थांबलं.

"द्यायची पायली," पटेल म्हणाले. "म्हणजे कोणती?"

बकारामचं जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

"सेवकराम, हा का म्हणून राहिला?"

सेवकरामच्या ओठांची हालचाल चालू होती. तो मनातल्या मनात दहाचे आठ करत होता. "पटेल," तो म्हणाला, "पायलीचं सोडा. मीटरचं याचं म्हणणं खरं असू शकते. रस्त्यानं सरकारी दगड हायेत. मैलामैलाले दगड. दगडाची पायली काही मोठी होत नाही. मोजून पाहू."

"मोजू," पटेल म्हणाले. त्यांचा आवाज अजून गरम होता. "पण पुरं मोजू. टाकी कोरडी करू, एकच गॅलन टाकू, अन् जठी थांबली तठी थांबली. सोळा दगड गेली तर तू खरा. नाही गेली तर उद्या श्यामलाल."

घाईत बकाराम "हाव जी" म्हणून बसला. दहाचे आठ होतात हे त्यानं धरलं, पण साडेनऊचे सोळा होतात की नाही हे त्यानं मोजलं नव्हतं. मोजलं असतं तर तो इतक्या लवकर "हाव जी" म्हणाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलचूरच्या दगडापाशी गाडी कोरडी पाडली. सेवकरामनं गॅलनभर पेट्रोल आदल्या दिवशीच मोजून डब्यात भरून, झाकणाला लाख लावून, डबा आपल्या खोलीत ठेवला होता. तो त्यानं सगळ्यांसमोर फोडला आणि स्वतःच्या हातानं टाकीत ओतला. बैठकीची गादी परत ठेवताना त्यानं ती दाबून पाहिली, कुठं नळी वगैरे दडवली आहे का म्हणून. पटेल पुढे बसले. सेवकराम मागे. त्याच्या उजव्या खिशात वीस चिंचोके होते. दगड गेला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात.

गाडी गोरेगावच्या रस्त्याला लागली. पहिला दगड आला तेव्हा मीटरवर मैल पुरा झाला नव्हता. दुसऱ्याला दोन पुरे झाले नव्हते. पाचव्या दगडाला मीटर चार म्हणालं आणि सेवकराम मागून पुढे वाकून ते पाहतच राहिला. "पाचाले चार," तो पुटपुटला. "पटेल, बराबर पाचाले चार. रुख्माच्या धानासारखं."

पटेल रस्त्याकडे पाहत होते.

दहाव्या दगडाला मीटर आठ. बकारामचा जीव हलका झाला. त्यानं गाडीला टक टक केलं. अकरावा दगड गेला. गोरेगावची घरं आली, गेली. बाराव्या दगडापुढे एका मोहाच्या झाडापाशी गाडीनं दोन आचके दिले, एक शिंक दिली आणि उभी राहिली.

चिंचोके बारा. मीटर साडेनऊ आणि वर थोडं. पटेल सावकाश बकारामकडे वळले.

"चार दगड कोठी गेले?"

पायलीचा दाखला बारापर्यंतच पोचत होता. तो उतरला, गाडीच्या पुढून मागे गेला, टायराला हात लावला. टायर तापला होता. पाठमोरा उभा राहूनच तो म्हणाला, "पटेल, हे चार मले माहीत नाही. मले वाटलं होतं सारं मीटरनं खाल्लं. नाही. मीटरचे अडीच हायेत. बाकीचे चार खरंच जळून राहिले."

"म्हणजे तू हरला."

"हरलो जी."

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. "पटेल, एक बोलू का?" सेवकराम म्हणाला. "डबा मी भरला. लाख मी लावली. ओतलं मी. फुलचूरपासून अठीपर्यंत मी याच्या पाठीले चिकटून बसलो. चार दगडाचं पेट्रोल जर चोरी गेलं असंल तर चोर मी हावो."

पटेलांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"अन् मी चोरलं नाही," सेवकरामनं खुलासा केला, कोणाचा गैरसमज नको म्हणून. "म्हणजे टायरच पिऊन राहिले. आठ दिवस मी या माणसाले चोर म्हणलं, ते चुकलं."

आता टायर कोणी लावले, कशासाठी लावले, हे तिघांनाही माहीत होतं. दोघं वर न पाहता उभे राहिले. पटेलांनी मोहाच्या झाडाकडे पाहिलं, आणि स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "चार दगड. एका फुटाले चार दगड." मग एकदम, "चाल बाबा, परत चाल. ऊन झालं."

तेव्हा कळलं की परत जायला पेट्रोल नाही. गॅलन संपलं की गाडी थांबणार हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. थांबल्यावर घरी कसं जायचं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दुसरा डबा सोबत घ्यायचा नाही हा सेवकरामचाच नियम, संशयाला जागा नको म्हणून.

बकाराम शेताशेतानं गेला आणि रामलाल नावाच्या एका शेतकऱ्याची जोडी मागून आणली. रामलालनं गाडीकडे पाहिलं, टायरांकडे पाहिलं, आणि काही न विचारता जुवाला दोर बांधला. हाकायला तो स्वतः पुढे झाला, पण बैल त्या अवजड धुडाला बुजू लागले तसा बकारामनं कासरा आपल्या हाती घेतला. सेवकरामला स्टेअरिंगवर बसवलं. "धरून ठेवा फक्त," बकाराम म्हणाला. "काही करू नोका."

"मीटर फिरून राहिलं," सेवकराम काळजीनं म्हणाला. "बिनापेट्रोलचं."

गोरेगावचा त्या दिवशी बाजार होता. बैलांनी ओढलेली जीपगाडी बाजारातून चालली आणि भाजीवाल्या बायांपासून मडकी विकणाऱ्या कुंभारापर्यंत सगळे उभे राहिले. पटेलांना सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडचं दिसत होतं. सगळ्यांना पटेल दिसत होते. पटेलांनी फेटा नीट केला आणि सरळ समोर पाहत राहिले, आणि त्यांची मान अशी ताठ होती की काही लोकांनी रामराम घातला.

गाव मागे पडल्यावर ते बसल्या जागेवरून खाली वाकले. "बकाराम."

"हाव जी."

"ते पायलीचं पुन्हा बोलाचं नाही."

"नाही बोलत जी."

बरंच अंतर गेलं. बैलांच्या घंटा वाजत होत्या.

"लोक किती म्हणतेत?" पटेलांनी विचारलं.

"कायचं जी?"

"पायलीचं."

"पाचाले चार."

"खोटं हाये. पाचाले साडेचार. माझ्या बापानं बनवली होती, मले माहीत हाये."

स्टेअरिंगवरून सेवकरामनं मान वळवली. "नाही पटेल. बेचाळीस साली तुमीच लोहाराकून तिचा तळ अर्धा बोट वर घेतला होता. कार्तिक महिना होता. तेव्हापासून पाचाले चार."

पटेलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर गाडीतून उडी टाकली असती. सेवकराम रस्त्याकडे पाहून स्टेअरिंग घट्ट धरून होता. बकारामनं बैलांच्या पाठीवर थाप दिली, कारण त्याला हसू आवरायला काहीतरी करणं भाग होतं.

वाड्यापुढे उतरताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. टायर निघणार नाहीत, ही पहिली. नाल्यात लागतात, असं कारण त्यांनी दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. दुसरी गोष्ट सेवकरामला. "श्यामलालले निरोप दे, नोको येऊ म्हणा. पण जंगलात दगड नाहीत. तठी मैल कोण मोजंल? तू. हंगामभर याच्या मागं बसाचं."

असा सेवकराम त्या वर्षी पानाच्या हंगामाला जीपगाडीच्या मागच्या पत्र्यावर बसला. जंगलात तो मीटर पाही, त्याच्या चार भागांत एक भाग मिळवी, आणि तो आकडा मनात धरेपर्यंत गाडी खड्ड्यात जाऊन आकडा तोंडातून निसटे. मोठ्या टायरांनी उडवलेली धूळ सगळी मागे येई. तिसऱ्या दिवशी त्याच्या भुवया दिसेनात. पाचव्या दिवशी एका नाल्यात गाडी उतरली आणि तो ओरडला, "थांब, अठी चाक जागीच फिरलं, हे मैलात धराचं नाही." बकारामनं थांबवली नाही, कारण रेतीत थांबवली की बसते. सेवकराम पुढच्या काठापर्यंत बडबडत होता.

आठव्या दिवशी नागझिऱ्याच्या अलीकडच्या फडावर गाडी लागली तेव्हा सेवकराम उतरला तो खाली बसलाच. फडावरच्या बाया पान उलटवायचं सोडून त्याच्याकडे पाहू लागल्या. त्यांच्यातल्या सुखवंता नावाच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्याला पाणी दिलं. तो प्याला, चष्मा धुतला, कमरेला हात लावून उभा राहिला.

"बकाराम," तो म्हणाला, "उद्यापासून मी येत नाही. पटेलाले मी सांगतो. तू रोज जे सांगशील ते मी उतरवून घेतो."

"अन् मी खोटं सांगतलं तर?"

"तू मीटरचं माप मोठं हाये हे सांगाले पटेलाच्या पायलीवर हात घातलास. तो माणूस अर्ध्या गॅलनासाठी खोटं कायले बोलंल?" सेवकरामनं कानामागची पेन्सिल काढली. "सांग. आजचं गॅलनले किती?"

अकरा सांगितलं असतं तरी त्यानं अकराच लिहिलं असतं. बकारामनं गाडीभोवती एक फेरी मारली. टायरातली रेती बोटानं काढली. सकाळपासूनची वाट मनात उलटी चालून पाहिली. दोन नाले, टेकडीवरचा दुसऱ्या गिअरचा चढ, आणि रस्त्यात गवा आडवा आला म्हणून इंजिन चालू ठेवून घालवलेली अर्धी घटका.

"साडेदहा धरा जी," तो म्हणाला. "नाही, थांबा. दहाच धरा. गव्यापाशी मी लवकर बंद कराले पायजे होती."